जागतिक बँकेचं टेंडर आणि आमचं पर्जन्यमापक

२०१८ साली एका टेंडरच्या पोर्टलवर आमच्या नावापुढे 'रिजेक्टेड' असा शब्द आला. मला वाटलं, पोर्टलचाच काहीतरी घोळ असणार. आम्ही नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत पाऊस मोजायची यंत्रं बनवतो. सहा-सात माणसांचं वर्कशॉप आहे. कृषी खातं, पाटबंधारे खातं, साखर कारखाने, एखादं विद्यापीठ, असे आमचे ग्राहक. टेंडर भरायची सवय वडिलांच्या काळापासूनची. दरसुद्धा उघडला नाही आणि बोली बाहेर, असं आमच्या बाबतीत तोवर कधी झालं नव्हतं.

कारण एका ओळीचं होतं: बयाणा रक्कम जोडलेली नाही.

ती आम्ही मुद्दामच जोडली नव्हती. लहान उद्योगांना केंद्राच्या खरेदीत ही बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, माफ असते. २०१२ च्या सूक्ष्म व लघु उद्योग खरेदी आदेशानं हे मिळालं. त्याच आदेशात खरेदीतला २० टक्के वाटा लहान उद्योगांसाठी ठेवला होता, २०१९ पासून तो २५ टक्के झाला. शिवाय आपला दर एल-वनच्या, म्हणजे सर्वांत कमी दर भरणाऱ्याच्या, १५ टक्क्यांच्या आत असेल आणि एल-वन लहान उद्योग नसेल, तर त्याच्या दराला यायची संधी मिळते. आमच्यासारख्यांचा अर्धा धंदा या दोन-तीन कलमांवर उभा आहे. म्हणून नेहमीप्रमाणे उद्योग आधारचं, म्हणजे लहान उद्योगाच्या नोंदणीचं, प्रमाणपत्र स्कॅन करून ईएमडीच्या जागी लावलं आणि निवांत झालो.

पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले एक साहेब अधूनमधून वर्कशॉपवर चहाला येतात. त्यांना कागद दाखवला.

"पहिलं पान वाचलंस का?"

"वाचलं, साहेब."

"मोठ्यानं वाच."

वाचलं. दुसऱ्या राज्यातला जलविज्ञानाचा प्रकल्प, जागतिक बँकेचं कर्ज, खरेदी बँकेच्या नियमांनुसार. हे वाक्य मी आधीही पाहिलं होतं, पण प्रस्तावना समजून पुढे गेलो होतो.

"घरासाठी कर्ज घेतलंस तेव्हा कागद कुणाच्या वकिलानं तपासले? बँकेच्याच ना? मग इथं वेगळं काय? कर्ज ज्याचं, खरेदीचे नियम त्याचे. तुझं प्रमाणपत्र इथं चालत नाही."

मग त्यांनी समजावलं. जागतिक बँकेच्या कर्जातल्या खरेदीत बोली लहान उद्योगाची आहे, सरकारी कंपनीची आहे किंवा अमुक राज्यातल्या कारखान्याची आहे, एवढ्यावर झुकतं माप देता येत नाही. कर्जाच्या करारातच ते लिहिलेलं असतं. खात्यातल्या माणसाला आमची दया आली असती, तरी तो काही करू शकला नसता. बँकेनं जुलै २०१६ पासून नवे खरेदी नियम लागू केले होते आणि आमचं टेंडर त्या नव्या साच्यातलं होतं.

वाईट वाटलं. पण त्याहून जास्त, वीस वर्षं ज्या कागदांवर सह्या करतोय त्यांच्या मागे काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही, हे फार लागलं. तेव्हापासून मी हे नियम मुळातून वाचायला लागलो.

सरकारनं स्वतःच्या वापरासाठी काय आणि कुणाकडून घ्यावं, यात दुसऱ्या देशांनी पडायचं नाही, असं १९४७ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारातच ठरलेलं होतं. परदेशी मालाला देशी मालासारखं वागवा, हा नियम सरकारी खरेदीला लागू नाही, असं तिसऱ्या कलमाचं आठवं पोटकलम सांगतं. नंतर काही देशांनी मिळून सरकारी खरेदीचा वेगळा करार केला. तो १९९६ पासून आहे, सुधारित रूपात २०१४ पासून. भारत त्यात सदस्य नाही, २०१० पासून फक्त निरीक्षक आहे. म्हणून तर २०१७ चा 'मेक इन इंडिया' प्राधान्याचा आदेश काढता आला. आज त्यात ५० टक्के किंवा जास्त देशी मूल्य असलेला पहिल्या वर्गातला पुरवठादार, २० टक्क्यांपासून दुसऱ्या वर्गातला. २०२० मध्ये २०० कोटींपर्यंतच्या खरेदीला जागतिक निविदाच बंद झाली. हे आमच्या पथ्यावर पडलं, ते मी लपवत नाही.

पण त्या सवलतीलाही कुंपण आहे, हे मला आमच्या गाळ्याशेजारच्या माणसाकडून कळलं. तो सौर पॅनेलचे सांगाडे बनवतो. राष्ट्रीय सौर अभियानात काही प्रकल्पांना भारतात बनलेले सेल आणि मॉड्यूलच वापरायची अट होती. अमेरिका २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये अपिलातही आपण हरलो. आपलं म्हणणं होतं की ही सरकारी खरेदी आहे. निकाल असा की सरकार विकत घेतंय वीज, अट घातलीय सेलवर, तेव्हा सरकारी खरेदीची सूट सेलला लागू होत नाही. पुढे २०१९ ला १२,००० मेगावॉटची योजना आली ती बघा कशी बांधली: सरकारी कंपन्यांनीच देशी सेल लावून वीज बनवायची आणि ती सरकारी संस्थांनीच वापरायची. जिनेव्हाला व्यापार संघटनेत लिहिलेल्या एका वाक्यावरून योजनेचा आराखडा बदलला आणि त्यावरून शेजाऱ्याच्या ऑर्डरी कुठून येणार तेही बदललं.

दुसरं टेंडर २०१९ मध्ये आलं. पुन्हा जागतिक बँकेचंच कर्ज, पण खातं वेगळं. या वेळी ईएमडीसाठी बँक गॅरंटी काढली. आमच्या सहकारी बँकेची गॅरंटी चालणार नाही असं कळल्यावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव ठेवून नवी काढली, त्यात बारा दिवस गेले. आमच्यासारख्याचे पैसे असे महिनोनमहिने अडकून पडतात. सवलत नसण्याची खरी किंमत ही.

खरी अडचण तांत्रिक तपशिलात निघाली. यंत्राच्या तोंडाचा व्यास आठ इंच हवा, दर ०.०१ इंच पावसाला बकेट एकदा उलटली पाहिजे, असं लिहिलेलं. आमच्या देशात पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. हे माप कुठल्यातरी परदेशी कॅटलॉगातून उचललंय, हे या धंद्यातला पोरगाही सांगेल.

आमचं यंत्र कसं चालतं ते सांगतो. वर नरसाळं, त्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर. खाली मधोमध पडदा असलेली छोटी बकेट, आसावर तोललेली. अर्धा मिलिमीटर पाऊस झाला की नरसाळ्यातून बरोबर १० मिलिलिटर पाणी उतरतं. त्या वजनानं बकेट कलंडते, पाणी सांडतं आणि दुसरी बाजू भरायला लागते. प्रत्येक कलंडण्याला एक टिक. आमच्याकडे एक बाई ब्युरेटनं, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीनं, थेंबथेंब पाणी सोडून बकेटखालचे दोन स्क्रू फिरवत राहतात, डावी-उजवी बाजू सारख्याच पाण्याला उलटेपर्यंत. एका यंत्राला दीड तास लागतो. हे काम मी स्वतः केलं तर दोन तास लागतात आणि तेवढं नीट होत नाही. हे यंत्र केवळ इंचात बनवलेलं नाही म्हणून अपात्र ठरावं, हे मला सहन होणारं नव्हतं.

साध्या टेंडरमध्ये अशा वेळी आम्ही गप्प बसायचो. प्रश्न विचारला तर साहेब लोक नाराज होतील, पुढचं बिल अडेल, ही भीती. इथं मात्र बँकेच्या नियमांत स्पष्ट आहे की तपशील कामगिरीवर आधारलेला हवा, कुणा एका कंपनीचा माल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला नको, आणि नाव किंवा मॉडेल द्यावंच लागलं तर पुढे 'किंवा समतुल्य' लिहायचं. वर सांगितलेल्या सरकारी खरेदीच्या करारातही हेच आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांचा सूरही तोच.

बोली भरण्याआधी शंका विचारायची जी प्री-बिड बैठक असते, तिच्याआधी मी एक पानाचं पत्र दिलं. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शिकेत पावसासाठी तोंडाचा नेमका आकार महत्त्वाचा मानलेला नाही, २०० ते ५०० चौरस सेंटिमीटर सोयीचं म्हटलंय, हे लिहिलं. इंचाऐवजी अचूकतेची टक्केवारी आणि किमान क्षेत्रफळ द्यावं, अशी विनंती केली. बैठकीत हात थरथरत होते. समोरचे अधिकारी तरुण होते. त्यांनी पत्र वाचून घेतलं आणि म्हणाले, "लेखी उत्तर सगळ्यांना जाईल." आठव्या दिवशी शुद्धिपत्रक आलं. व्यास गेला, क्षेत्रफळ आलं, इंच गेले, मिलिमीटर आले. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले. टेंडर अजून मिळालं नव्हतं, तरी वाटले.

आणि ते मिळालंही नाही.

पण या वेळी हरल्यावर एक पत्र आलं, तसं मला आयुष्यात कधी आलं नव्हतं. कुणाला काम द्यायचा विचार आहे, त्याचा दर काय, बाकी सगळ्यांचे दर काय, मूल्यमापनानंतर ते किती झाले आणि आमची बोली का निवडली नाही, हे सगळं लिहिलेलं. खाली असंही की कामाचे दहा दिवस करार होणार नाही आणि तीन दिवसांत मागितलंत तर सविस्तर खुलासा मिळेल. करार व्हायच्या आधी हरलेल्याला तक्रारीची मुभा मिळावी म्हणून मुद्दाम ठेवलेला हा थांबा आहे.

मी दुसऱ्याच दिवशी मागितलं. फोनवर अर्धा तास बोलणं झालं. आम्ही भरलेल्या दरात सर्वांत स्वस्त होतो! मात्र पाच वर्षांच्या देखभालीच्या तक्त्यातले दोन रकाने आम्ही रिकामे सोडले होते, ते 'फुकट' समजून घेतील या भाबड्या समजुतीनं. नियमानं तिथं इतर बोलीदारांच्या दरांची सरासरी धरली आणि आम्ही तिसऱ्या क्रमांकावर गेलो. दोन रिकामे रकाने. मी फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. तरीही मनात राग नव्हता. आपण का हरलो हे नेमकं कळलं की माणूस पुढच्या कामाला लागतो. इतकी वर्षं साध्या टेंडरांत हरलो की आमच्याकडे फक्त अफवा यायच्या, अमक्याचं सेटिंग होतं, तमक्यानं वरून फोन लावला. त्यातल्या किती खऱ्या आणि किती वेळा आमचेच रकाने रिकामे होते, कोण जाणे.

तिसरं टेंडर आम्ही २०२१ मध्ये जिंकलं. सगळे रकाने भरले, शून्य असेल तिथं शून्य लिहिलं. हे टेंडर आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं होतं आणि त्यात देशी मालाला प्राधान्यही होतं! बँक ते पूर्ण नाकारत नाही, त्याला माप लावते. कारखान्यातल्या किमतीच्या किमान ३० टक्के मजुरी, कच्चा माल आणि सुटे भाग देशातले असतील, तर तुलना करताना आयात मालाच्या किमतीत १५ टक्के वाढवून धरतात. ते सिद्ध करायला आमच्या सीएंनी चार दिवस घेतले. नरसाळं, बकेट, स्टँड नाशिकचेच, टिक देणारा रीड स्विच आणि नोंदी साठवणाऱ्या लॉगरमधल्या चिप बाहेरच्या. एकेका स्क्रूचं बिल काढलं. शेवटी त्या १५ टक्क्यांची गरज पडली नाही, आमचा दर तसाही आयातीपेक्षा खाली होता. तरी तो हिशेब एकदा केल्यामुळे आता मेक इन इंडियाच्या टेंडरमध्ये देशी मूल्याचा दाखला आम्ही एका दिवसात देतो.

आणखी एक गोष्ट. दर उघडल्यावर कुणी 'जरा कमी करा' म्हणून बोलावलं नाही. आम्ही वाटाघाटीसाठी चार टक्के वर ठेवायची जुनी सवय या वेळी मोडली होती, ते बरंच झालं.

२०२२ मध्ये यूएईशी झालेल्या व्यापार करारात सरकारी खरेदीवरही एक प्रकरण आलं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी सही झालेल्या करारातही ते आहे आणि केंद्राच्या खरेदीचा काही भाग त्यांच्या पुरवठादारांना खुला करायचं ठरलंय. आमच्या एमआयडीसीत यावर दोन तट आहेत. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. सवलत गेली तर सहा माणसांच्या वर्कशॉपला गॅरंटीचे पैसे उभे करणंच जड जाईल, म्हणून ईएमडीची माफी राहिलीच पाहिजे, त्यासाठी मी भांडेन. पण नियम बाहेरून येणारच असतील, तर त्यातला तो दहा दिवसांचा थांबा आणि हरल्याचं लेखी कारण आपल्या जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या टेंडरातही यावं. केंद्राच्या वित्तीय नियमांत बोली नाकारल्याबद्दल विचारायची सोय निविदेत असावी असं म्हटलेलं आहेच. आमच्यासारखे लोक विचारत नाहीत.

मी विचारायला लागलोय. गेल्या महिन्यात एका छोट्या स्थानिक टेंडरात आम्ही हरलो. तीन दिवसांच्या आत पत्र दिलं: आमचा क्रमांक कितवा, मूल्यमापनात काय कमी पडलं. टेबलावरच्या क्लार्कनं आधी विचारलं, "तक्रार आहे का?" म्हटलं, "नाही भाऊ, फक्त माहिती हवीये." सोळाव्या दिवशी तीन ओळींचं उत्तर आलं. आमच्या कॅलिब्रेशन दाखल्याची मुदत संपली होती. ब्युरेटवाल्या बाईंना तो कागद दाखवला, त्यांनी कॅलेंडरवर लाल पेननं पुढची तारीख लिहून ठेवली.