जनावरे निघून गेल्यावर मागे उरलेले गवत

कुंपणाने वेगळ्या केलेल्या कुरणाच्या एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात कळप हलवला की सगळ्यांचे लक्ष साहजिकच पुढच्या हिरव्यागार गवताकडे जाते. मी मात्र आता आधी मागे वळून, जनावरांनी नुकताच सोडलेला कप्पा चालत पाहते. मांसासाठी वाढवायची वासरे आणि त्यांच्या आया कुरणावर सांभाळताना मला कळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथेच दिसते: जनावरे आत कधी सोडली यापेक्षा ती बाहेर कधी काढली, यावर कुरणाचे आयुष्य अधिक अवलंबून असते.

सुरुवातीची काही वर्षे आमचे संपूर्ण कुरण हंगामभर खुले असायचे. पाण्याच्या टाकीजवळचे गवत जमिनीलगत खुरटलेले आणि लांबच्या कोपऱ्यातले निसवून, जरड होऊन उभे, असे चित्र दरवर्षी दिसे. गाई-बैलांना कोवळा फुटवा आवडतो, म्हणून एकदा खाल्लेल्या जागीच ती पुन्हा पुन्हा तोंड घालतात आणि जून झालेले गवत तसेच सोडून देतात. एकूण गवत भरपूर असूनही वासरांची वाढ मंदावलेली असायची, आणि दोष गवताच्या जातीत आहे असे समजून मी दोनदा नवे बी पेरले. त्या पेरणीचा खर्च आणि श्रम आजही मनाला लागून आहेत, कारण उणीव बियाण्यात नव्हतीच.

पाती म्हणजे गवताचे अन्न तयार करणारे अवयव. पाती फार खालपर्यंत खाल्ली गेली की नवा फुटवा काढण्यासाठी रोपाला बुडख्यात आणि मुळांत साठवलेले अन्न वापरावे लागते. ती साठवण भरून येण्याआधीच पुन्हा तोंड लागले, तर मुळे आखूड होतात, फुटवे मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत तण शिरते. विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधील शेतकरी-संशोधक आंद्रे व्हॉइसिन यांनी चराईच्या विचारात जनावरांच्या संख्येइतकाच काळाला मान दिला: गवताला दोन चराईंच्या मध्ये पुरेशी विश्रांती हवी, आणि एका कप्प्यातला मुक्काम इतका लहान हवा की त्याच फेरीत आलेला नवा फुटवा खाल्ला जाऊ नये.

यातली विश्रांती दिनदर्शिकेवर ठरवता येत नाही, हे मला फार उशिरा उमगले. वाढ जोमात असताना तीनेक आठवड्यांत कप्पा पुन्हा तयार होतो; थंडीने किंवा कोरडेपणाने वाढ मंदावली की त्याच कप्प्याला दीड-दोन महिने लागू शकतात. पण गवत कमी दिसू लागले की माणूस घाबरतो आणि कळप भराभर पुढे हलवतो. त्यामुळे फेरी लवकर संपते, पहिल्या कप्प्याला नेमकी जास्त विश्रांती हवी असतानाच ती कमी मिळते, पुढच्या फेरीत गवत आणखी कमी भरते, आणि घाई आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबवणे अवघड जाते. अशा वेळी कळप एकाच ठिकाणी थांबवून सुकी वैरण घालणे आणि बाकीचे कप्पे वाढू देणे, हाच माझ्या अनुभवातला खरा उपाय आहे. वैरण खर्च होताना जीव तुटतो, तरीही.

थंड हवामानातील गवते आम्ही साधारण 8 ते 10 सेंटिमीटर उंचीवर सोडतो. उष्ण हवामानातील उंच, ताठ वाढणाऱ्या गवतांना याहून बरेच उंच सोडावे लागते. याचा आणखी एक फायदा असा की जंतांच्या अळ्या बहुतांशी पात्यांच्या तळाशी असतात, त्यामुळे जनावरे खालपर्यंत चरली नाहीत तर त्या पोटात कमी जातात. किती गवत लागेल याचा हिशेब सोपा आहे. मोठे जनावर दिवसाला वजनाच्या दोन ते अडीच टक्के शुष्क चारा (म्हणजे त्यातले पाणी वगळून) खाते, म्हणजे 500 किलोच्या गाईला 10 ते 12.5 किलो. कोवळ्या गवतात सुमारे 80 टक्के पाणी असल्यामुळे ताज्या गवतात हे प्रमाण 50 किलोंच्या पुढे जाते, आणि तुडवले जाणारे, शेणाने खराब होणारे गवत वेगळेच.

गवताच्या भराशी विण्याचा काळ जुळवणे हेही कुरणाच्याच व्यवस्थापनात येते. गाईचा गाभणकाळ सुमारे 283 दिवसांचा असतो, म्हणून दरवर्षी एक वासरू हवे असेल तर विल्यानंतर 82 दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहायला हवी. नेमक्या याच काळात तिला दुधासाठीही सर्वाधिक पोषण लागते. बरगड्या आणि शेपटीच्या मुळाशी चरबी नसलेली गाय वेळेवर माजावर येत नाही, म्हणून विण्याच्या दोन-तीन महिने आधीच तिच्या अंगावर हात फिरवून पाहावे. त्यानंतर उणीव भरून काढणे महाग पडते.

क्लोव्हर, लसूणघास अशी द्विदल पिके कुरणात असावीत. ती हवेतील नत्र जमिनीत आणतात. मात्र एका सकाळी मी उपाशी कळप दाट, ओल्या क्लोव्हरमध्ये सोडला आणि पोटफुगीने एक कालवड गमावली. तिची डावी कूस फुगलेली दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. आता अशा कप्प्यात सोडण्याआधी सुकी वैरण पोटभर खाऊ घालण्याचा नियम मी एकदाही मोडत नाही. कोवळ्या किंवा दुष्काळाने सुकलेल्या ज्वारीत मात्र जनावरे सोडूच नयेत, कारण तिच्यात सायनाइडचे विष तयार होते.

सध्या पाऊस लांबला आहे. काल सगळे कप्पे चालून झाल्यावर हिशेब केला, तर कळपाला पुरेल असे गवत 24 दिवसांचे निघाले आणि पहिल्या कप्प्याला तयार व्हायला किमान 40 दिवस लागणार आहेत. मधल्या 16 दिवसांसाठी वैरण काढून ठेवली आहे, आणि या वर्षी गाभण न राहिलेल्या चार गाई येत्या आठवड्यात, त्यांच्या अंगावर मांस असतानाच, विकायचे ठरवले आहे.