शाळेत सरकारी नोकर, मैदानात कोणीच नाही

आज जत्रेतल्या कबड्डीत शेवटच्या चढाईला पंचांनी बोनस गुण दिला नाही आणि पोरं मैदानात घुसली. कॉलर धरली, शिट्टीची दोरी तुटेपर्यंत ओढली. पंच म्हणजे शेजारच्या तालुक्यातले झेडपीचे मास्तर. मानधन विचारूच नका.

"सर, पोलिसात जाऊ," म्हटलं तर हसले. "एनसी लिहून घेतील, झालं."

खरंय. साध्या मारहाणीला भारतीय न्याय संहितेचं कलम 115, तेही अदखलपात्र (हीच ती एनसी), म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. हेच मास्तर वर्गात शिकवत असताना कुणी अंगावर गेलं असतं तर सरकारी नोकर म्हणून कलम 132 लागलं असतं! महाराष्ट्रात डॉक्टरांसाठी 2010 चा कायदा आहे, पत्रकारांसाठी 2017 चा. पंचांसाठी वेगळं काहीच नाही.

2025 च्या महाराष्ट्र केसरीत अहिल्यानगरला पंचांना लाथ बसली, तेव्हा मल्लावर 3 वर्षांची बंदी आली. पण ती घालायला कुस्तीगीर संघ होता. जत्रेत कोण घालणार? तुर्कस्तानात 2023 मध्ये रेफरीला ठोसा मारणाऱ्या फुटबॉल क्लबच्या अध्यक्षाला कोर्टाने साडेतीन वर्षांहून जास्त कैद सुनावली.

निदान सामन्याची परवानगी देताना आयोजकांकडून पंचांच्या सुरक्षेची लेखी हमी तरी घ्या. आजचे आयोजक पंचांची कॉलर धरली जात असताना स्टेजवर हारतुरे स्वीकारत होते.