मारेम्मा: टस्कनीतल्या गुराख्यांचा मुलूख

टस्कनी म्हटलं की आपली मंडळी फ्लोरेन्स, पिसाचा मनोरा आणि सिएना उरकून परत येतात. त्याच टस्कनीचं दक्षिण टोक, म्हणजे ग्रोसेतो जिल्ह्यातला मारेम्मा, बहुतेकांच्या यादीत नसतो. आम्ही मे महिन्यात रोमहून थेट तिथेच गेलो. रोम ते ग्रोसेतो ट्रेनने साधारण दोन तास लागतात. स्टेशनच्या मशीनवर किंवा खिडकीवर काढलेलं प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. तिकीट हातात असूनही शिक्का नसेल तर दंड होतो.

या भागात घोड्यावरचे गुराखी, वाइन आणि जंगल एकाच ठिकाणी का, याचं उत्तर डासांत आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत हा सगळा किनारा मलेरियाचा दलदलीचा प्रदेश होता. शेती आणि वस्ती जेमतेम, त्यामुळे काटक गुरं मोकळी सोडायची आणि घोड्यावरून राखायची, हाच धंदा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक लिओपोल्ड दुसरा याने 1828 मध्ये दलदल हटवण्याचं मोठं काम हाती घेतलं. तरीही 1897 पर्यंत ग्रोसेतोची सरकारी कचेरी उन्हाळा आला की बाडबिस्तरा उचलून वर डोंगरातल्या स्कान्सानोला जायची. आज तेच स्कान्सानो वाइनचं गाव म्हणून ओळखलं जातं. आणि जिथे कोणी राहायला धजत नव्हतं, त्या किनाऱ्यावर 1975 साली मारेम्मा प्रादेशिक उद्यान झालं.

या गुराख्यांना बुत्तेरी म्हणतात. अमेरिकेच्या बफेलो बिलच्या काउबॉय-खेळांचा तंबू 1890 मध्ये रोममध्ये होता, तेव्हा इटालियन गुराख्यांनी त्याच्या काउबॉयना टक्कर दिली, हा किस्सा इथे अजून रंगवून सांगतात. ते स्वार खरं तर रोमच्या दक्षिणेकडच्या दलदलीतले होते, पण तो तपशील सांगून कोणाचा हिरमोड करू नये!

बुत्तेरी बघायचे तर मुक्काम अल्बेरेसे गावात करा. तिथे टस्कनी सरकारच्या मालकीची मोठी शेती आहे आणि गुरं अजून घोड्यावरूनच वळतात. काम भल्या सकाळी सुरू होतं. नाश्ता करून निवांत निघालात तर रिकामा गोठा बघाल. आम्ही कुंपणाच्या अलीकडे उभे होतो. एक बुत्तेरो फाटकापाशी आला, हातातल्या लांब काठीच्या आकड्याने कडी उचलली, घोडा आडवा घालून फाटक ढकललं, आत गेला आणि त्याच आकड्याने फाटक ओढून लावलं. रिकिबीतून पाय काढला नाही. टोपी उडवणं नाही, दोर भिरकावणं नाही. तमाशा हवा असेल तर उन्हाळ्यात पर्यटकांसाठी खेळ होतात, पण मला हे फाटक जास्त आवडलं.

मारेम्माना गाय समोर आली की सांगलीकडच्या माणसाला आपली खिल्लार आठवणारच: तसाच करडा-पांढरा रंग, तशीच डौलदार लांब शिंगं. ट्रॅक्टर येईपर्यंत नांगराला हेच बैल असत. बुत्तेरींबरोबर घोड्यावरून जायची सोयही आहे, पण ती पक्कं बसता येणाऱ्यांसाठी. माथेरानच्या अनुभवावर भिस्त ठेवू नका. आगाऊ नोंदणी लागते. कळपाजवळ पांढरे धिप्पाड कुत्रे दिसले तर लाड करायला जाऊ नका. ते राखणीचे आहेत.

उद्यानाची तिकिटं अल्बेरेसेच्या माहिती केंद्रात मिळतात. उच्चेल्लिनाच्या टेकड्यांतून सान राबानोच्या पडक्या मठाकडे जाणारी वाट चढाची, पण सुंदर आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वणव्याच्या भीतीने बऱ्याच वाटांवर वाटाड्याशिवाय सोडत नाहीत, म्हणून एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर उत्तम. समुद्रावर जायला गावात सायकल भाड्याने घ्या, रस्ता सपाट आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम हवंच. गवतातून फिरून आल्यावर गोचिड्या तपासा.

खाण्याचं म्हणाल तर हा रानडुकराचा मुलूख. शाकाहारींचे हाल होत नाहीत, फक्त विचारावं लागतं. आक्वाकोत्ता हे गुराख्यांचंच जेवण: कांदा, टोमॅटो, सेलरीचं पातळ कालवण, खाली शिळा पाव, वर अंडं. रिकोटा-पालक भरलेले तोर्तेल्ली सहसा खिम्याच्या रश्शात येतात. ते लोणी आणि सेजच्या पानांवर मागा. ‘सेन्त्सा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा.

स्कान्सानोची मोरेल्लिनो ही निदान 85 टक्के सांजोवेझे द्राक्षाची लाल वाइन. फार भाव न खाणारी, जेवणासोबतची. वाइनरीत आधी कळवून जावं. गाडी चालवणाऱ्याने मात्र चव घेऊन थुंकायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळे तेच करतात.

गाडीशिवाय आतली गावं जमत नाहीत. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच काढून घ्या. जुन्या गावांच्या वेशीवर ‘झेडटीएल’ची, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मनाई असल्याची, पाटी असेल तर आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी घरी येते.

सातुर्नियाचे गंधकाच्या गरम पाण्याचे धबधबे फुकट आहेत, पाणी साधारण 37 अंश. दुपारी तिथे जत्रा असते, सकाळी सातला गेलात तर कुंड तुमचं. चांदीचे दागिने, जोडवीसुद्धा, आधी काढून ठेवा, गंधकाने काळी ठिक्कर पडतात. दगड निसरडे आहेत, रबरी चपला घाला.

तिथून जवळच पितिल्यानो. अख्खं गाव तुफा दगडाच्या कड्यावर असं बसलंय की कडा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. इथे ज्यू लोकांची मोठी वस्ती होती. 1598 सालचं सिनेगॉग आहे, शनिवारी बंद. स्फ्रात्तो नावाची मध-अक्रोड भरलेली लांबट मिठाई जरूर घ्या. सतराव्या शतकात ज्यूंना घराबाहेर काढून एका वस्तीत कोंडलं, तेव्हा शिपाई दारावर ज्या काठ्या आपटत, त्यांचा हा आकार. चवीला फार गोड आहे, एक चौघांत पुरते.

परतताना पिसाकडे जाणार असाल तर वाटेत बोल्गेरी लागतं, सास्सिकाया वाइनचं गाव. जवळजवळ पाच किलोमीटरची सायप्रसच्या झाडांची सरळ रांग बघायला थांबा, पण किमती बघून बाटली पुण्याला न्यायचा बेत आम्ही रद्द केला. तेवढ्या पैशांत स्कान्सानोत आणखी एक रात्र राहता येते, आणि माझ्या मते तेच करावं.