मागील वर्षाचा वापर किती?

15 सप्टेंबर 2020 ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ हा राज्य सरकारचा कोरोनाचा घरोघरचा सर्व्हे सुरू झाला, तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होते. दिवसाला पन्नास घरं, ताप, ऑक्सिजन, जुने आजार, अ‍ॅपवर नोंद. आशाताई खमक्या होत्या, सर्व्हे झाला.

त्यात कोरोनापेक्षा जास्त सापडले ते गोळ्या सुटलेले बीपी-शुगरवाले. तालुक्याच्या खाजगी दवाखान्यातून औषध आणायचे. लॉकडाऊनमध्ये एसटी बंद, मजुरी बंद, गोळ्याही बंद. एका मावशींनी पदराच्या गाठीतून रिकामं पाकीट काढलं. “हीच देता का माय?” नाव अर्धं फाटलेलं, उरलेल्या अक्षरांवरून अ‍ॅम्लोडिपिन ओळखलं.

अशा पेशंटच्या गोळ्यांची यादी केली, डॉक्टरसाहेबांची सही घेतली, तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाला दिली. तिथल्या टेबलावरून एकच प्रश्न: “मॅडम, मागील वर्षाचा वापर किती?” वापर कमीच असणार ना, हे लोक मागच्या वर्षी आमच्याकडे येतच नव्हते! “मग आताच एवढ्या कशाला लागतात?” यादी परत. पुन्हा पाठवली, तर म्हणे फॉरमॅटमध्ये नाही. फॉरमॅटमध्ये रकाने काय? औषध, शिल्लक, मागील वापर, मागणी. घरोघर फिरून सापडलेल्या पेशंटला रकानाच नाही. महामारीत आम्हाला उंबरे झिजवायला लावायचे आणि औषध द्यायचं गेल्या वर्षीच्या रजिस्टरवर! अजून डोकं फिरतं.

इकडे साखर कारखाने पेटायची वेळ. मुकादमांची उचल (आगाऊ पैसे) वाटून झालेली, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीत. महिनोन्महिने बाहेर राहणाऱ्यांना एका महिन्याच्या गोळ्या देऊन काय उपयोग?

शेवटी आमचे डॉक्टरसाहेबच म्हणाले, यादी राहू द्या, प्रत्येकाचा केसपेपर काढा. पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) ओपीडीत नोंदी केल्या, होता तो साठा वाटून टाकला आणि ‘शिल्लक निरंक’ असं पत्र पाठवलं. ही भाषा बरोब्बर कळली, गोळ्या आल्या. तोवर एक टोळी गेली होती. बाकीच्यांना दोन-दोन महिन्यांच्या बांधून दिल्या.

असं काम पुढे करणाऱ्यांना सांगते: ऊसतोडीला कर्नाटकात जाणाऱ्यांच्या कागदावर गोळीचं नाव इंग्रजीत लिहा, शेवटचं बीपीही टाका. घरात शिरल्या शिरल्या “बीपी आहे का?” विचारू नका. तेव्हा कोविड सेंटरला नेतील या धास्तीनं सगळे ठणठणीत व्हायचे. “गोळी चालू होती का?” विचारलं की गोळ्यांचा डबाच पुढे यायचा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत दुपारी गावात म्हातारी माणसंच भेटतात, संध्याकाळी जा. आणि हो, मेंदीच्या बोटावर ऑक्सिमीटरचा आकडा धरू नका, दुसरं बोट बघा.

तालुक्याला कागद देताना दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. आमची पहिली यादी त्यांच्याकडे आलीच नव्हती म्हणे.