पार्कात करतो ते बार्बेक्यू नव्हे (पण करत राहा)

ऑस्टिनकडच्या एखाद्या शेजाऱ्याला "शनिवारी बार्बेक्यू आहे, या" म्हणून बोलवा आणि चिकन टिक्का नि मक्याची कणसं पुढे ठेवा. आवडीने खाईल, दुसऱ्यांदा मागून घेईल, पण याला बार्बेक्यू म्हण म्हटलं तर जाम म्हणणार नाही. टेक्सासमधली माणसं राजकारणावर एक वेळ गप्प बसतील, यावर नाही. आणि त्यांचं बरोबरच आहे हो, कोळसा सोडला तर या ग्रिलिंगमध्ये आणि खऱ्या बार्बेक्यूत सारखं असं फारसं काही नाही.

ग्रिलिंग म्हणजे आपण सगळे करतो ते. खाली रसरशीत निखारे नाहीतर गॅसचे बर्नर, वर जाळी, आणि जे काय असेल ते थेट धगीवर. ४५०-५०० फॅरनहाइट, म्हणजे २३०-२६० सेल्सिअस, आणि दहा-पंधरा मिनिटांत विषय संपला. इथे अमेरिकेतल्या पार्कांमध्ये खांबावर बसवलेल्या लोखंडी पेट्या असतात ना, त्यांना बहुतेक झाकणच नसतं, म्हणजे मंडळाच्या पिकनिकला कितीही मनात आणलं तरी ग्रिलिंगच होणार. आपला तंदूरही याच घराण्यातला, फक्त आच अजून जास्त.

बार्बेक्यूत आग एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, झाकण बंद, आणि मांसाला मिळते ती नुसती गरम हवा आणि लाकडाचा धूर. तापमान २२५ ते २५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ११०-१२० सेल्सिअस. पोर्क शोल्डरला, म्हणजे डुकराच्या खांद्याला, पाउंडामागे दीडेक तास धरतात, म्हणजे आठ पाउंडाचा तुकडा असेल तर बारा तास, त्यामुळे दुपारी जेवायचं असेल तर आदल्या रात्रीच लावावा लागतो.

एवढा उपद्व्याप कशाला? तर तो तुकडा तसा असतो म्हणून. खांदा काय किंवा गाईच्या छातीचं ब्रिस्केट काय, जनावर आयुष्यभर ज्या स्नायूंवर भार टाकतं ते हे, कोलॅजन नावाच्या प्रथिनाने भरलेले, चिवट. मोठ्या आचेवर टाकलं की बाहेरून करपतं आणि आतून चामडं. कमी आचेवर तासन्‌तास ठेवलं की ते कोलॅजन हळूहळू वितळून जिलेटिन होतं, आणि आतलं तापमान ९५ सेल्सिअसच्या आसपास गेलं की हाड नुसतं ओढलं तरी सुटून येतं. उलट चिकन ब्रेस्ट, कोळंबी, पनीर यांच्यात असं वितळण्यासारखं काही नसतंच, त्यांना तासन्‌तास ठेवलं तर फक्त वाळतील. म्हणजे प्रश्न शेगडी कुठली हा नाहीच, जाळीवर काय ठेवताय हा आहे.

यात एक भयंकर प्रकार आहे, इथे त्याला 'स्टॉल' म्हणतात. मांसात थर्मामीटर खुपसून ठेवलेला असतो, आकडा मस्त चढत असतो, आणि ६५-७० सेल्सिअसला आला की थांबतो. एक तास, दोन तास, कधी चार तास, ढिम्म! नवीन माणसाला वाटतं आग विझली, तो उठून कोळसा वाढवतो आणि सगळं बिघडवतो. आग ठीक असते, मांसातून पाणी बाहेर येऊन पृष्ठभागावरून उडत असतं आणि माठातलं पाणी जसं गार राहतं तसं ते मांस स्वतःला गार ठेवत असतं. पाणी कमी झालं की आकडा आपोआप पुढे सरकतो. घाई असेल तर फॉइलमध्ये गुंडाळतात, पण त्याने बाहेरची काळी खरपूस साल थोडी मऊ पडते, म्हणून बरेच जण खाटकाकडचा तपकिरी कागद वापरतात, मलाही तोच बरा वाटतो.

खाटीक आलाच आहे तर हेही सांगते. मध्य टेक्सासचं बार्बेक्यू आलंच मुळी एकोणिसाव्या शतकात इथे येऊन वसलेल्या जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांतून, न खपलेलं मांस धुरावर ठेवायचे आणि कागदातच बांधून द्यायचे. लॉकहार्ट गावाला तर १९९९ साली राज्याच्या विधिमंडळाने टेक्सासची बार्बेक्यू राजधानी म्हणून जाहीर केलं. तिथलं क्रॉइट्झ मार्केट १९०० पासूनचं, आणि बरीच वर्षं तिथे सॉस नाही, काटे नाहीत, हाताने खा! लाकूड पोस्ट ओकचं, म्हणजे ओकच्याच एका जातीचं. कॅरोलिनात डुक्कर आणि व्हिनेगर, कॅन्सस सिटीत गोड घट्ट सॉस, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं, त्यात आपण पडू नये.

आमच्या घरी बीफ होत नाही, त्यामुळे पोर्क शोल्डर नाहीतर टर्की. स्मोकर, म्हणजे धुरावर शिजवायची खास भट्टी, मुद्दाम घ्यायची गरज नाही. वेबर कंपनीची गोल झाकणाची केटल ग्रिल १९५२ पासून मिळते, तिच्यात दोन्ही होतं. निखारे सगळीकडे पसरले की ग्रिल, एका बाजूला सारून मांस दुसऱ्या बाजूला, झाकण घट्ट आणि हवेच्या झडपा थोड्याच उघड्या ठेवल्या की बार्बेक्यू. चिकन मात्र स्किनसकट २२५ फॅरनहाइटवर लावू नका, स्किन रबरासारखी होते. आणि गोड सॉस थेट आचेवर अगदी शेवटी लावायचा, नाहीतर साखर जळून कडू.

"मग आपली पोपटी म्हणजे बार्बेक्यूच की," असं अलिबागकडची एक मैत्रीण नेहमी म्हणते. नाही गं! पोपटीत भांबुर्ड्याचा पाला घालून मडकं बंद करतात, बाहेर जाळ, आणि आत वालाच्या शेंगा, अंडी, चिकन आपल्याच वाफेवर शिजतं, तेही तासाभरात. तो तिसराच प्रकार आहे, आणि मला विचाराल तर तिन्हीत भारी.

बार्बेक्यू करणारच असाल तर शेवटचं एक, धुराकडे बघा. दाट पांढरा धूर येत असेल तर लाकूड नीट जळत नाहीये, मांस कडवट होणार. झडप थोडी उघडा, लाकूड सुकं घ्या, धूर पातळ निळसर झाला की मगच मांस ठेवा. तयार झालं की जुन्या टॉवेलात गुंडाळून रिकाम्या कूलरमध्ये (पिकनिकच्या बर्फाच्या पेटीत) तासभर राहू द्या, मग मांस हाताने तंतू तंतू करून सोडवा. बनऐवजी लादीपाव घ्या, कच्चा कांदा, लिंबू. शेजाऱ्याला बोलवा आता.