मोज्यातलं कुसळ

पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात मी चिंकारा बघायला गेले होते. चार दिसले, फोटोही बरे आले. पण आठवडा झाला तरी डोक्यात घोळतंय ते एक कुसळ, गवताचं टोकदार, शेपटीवालं बी.

अभयारण्याबाहेर माळाच्या कडेला धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, उतरला होता. तिथल्या मावशींनी घोंगडं अंथरलं, चहा दिला. माझे मोजे कुसळांनी भरले होते, ते मी वेचत बसले. "ताई, त्येला पानी लावून बघा," म्हणत त्यांनीच एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि ओलं बोट फिरवलं. काळपट शेपटी पीळ सोडत हळूहळू गोल फिरायला लागली, बियाचं टोक तळव्यात रुतायला लागलं. पावसात ओलं-सुकं होत ते असंच मातीत शिरतं. मेंढराच्या कातड्यातही शिरतं, म्हणून मावशींचा त्याच्यावर राग.

पण त्याच मेंढराच्या लोकरीतून ते या माळावरून त्या माळावर पोचतं. घरी आल्यावर वाचलं, जर्मनीत एका मेंढीच्या अंगावर ८५ जातींच्या वनस्पतींचं बी मिळालं होतं. ज्याला अशी शेपटी नाही, असं बरंच बी लेंड्यांतून जातं.

आता माळ सलग राहिलाय कुठे? अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. भोवती ऊस, तारेची कुंपणं, प्लॉटचे दगड, आणि 'पडीक' ठरवून खड्डे खणून लावलेली उंदीरमारीची (ग्लिरिसिडियाची) झाडं. गवताला पडीक म्हणणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. "सासऱ्याच्या वक्ताला जेजुरीपातुर माळामाळानं जायचो. आता डांबरीनं जावं लागतं," मावशी म्हणाल्या. डांबरावर गळलेलं बी कुठे उगवणार?

आणि हे नुकसान लगेच दिसत नाही, याचीच मला जास्त भीती वाटते. पवना, डोंगरी ही वर्षानुवर्षं टिकणारी गवतं. तुकड्यात अडकली तरी जुने ठोंब तग धरतात, माळ भरलेला दिसतो. मग एखाद्या दुष्काळात ठोंब मरतात, शेजारून बी यायला वाट नसते, आणि ती जात त्या तुकड्यातून कायमची जाते.

मोरगावला मुक्काम केला. सकाळी परतीच्या एसटीतून तोच कळप दिसला, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीला चिकटून एका ओळीत चाललेला. मागून ट्रक सारखे हॉर्न मारत होते, आणि मावशी काठी आडवी धरून मेंढरं कडेला दाबत होत्या.