कायले पायजे वर्ल्ड कप?

आमच्याकडे काही नवीन यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कायले पायजे? शाळेत डिजिटल बोर्ड आला, कायले पायजे, लाइन तं राहत नाही. समृद्धी महामार्गाच्या वेळी पण हेच, आणि आता तेच लोकं जावई मुंबईवरून किती तासात आला ते घड्याळ दाखवून सांगतात. याला कोणी मागासपणा म्हणतं, म्हणू द्या. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या पुढे कोरडवाहू पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने कुठल्या मोठ्या खर्चाची बातमी ऐकली की त्याला आधी स्वतःचं पासबुक आठवतं, आणि पासबुकात फार काही नसतं म्हणून तो बोलतो. त्यामुळे देशात मोठी स्पर्धा भरणार असं कानावर आलं की पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता हिशोब सुरू, एवढ्यात किती शेततळे झाले असते, किती पांदण रस्ते झाले असते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, १३ ते १९ तारखेला, तेव्हा तर हिशोबाच्या आधी हसणंच झालं. क्रिकेटचा वर्ल्ड कप समजू शकतो, पण खो-खो? जो खेळ आपण चड्डीत, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या गिट्टीवर, फक्कीच्या रेघा मारून खेळलो त्याला म्हणे २३ देश येणार. "उद्या विटीदांडूचं ऑलिम्पिक ठेवतीन," असं एक जण म्हणाला आणि ते दोन दिवस गावभर चाललं. वेळ पण अशी की घरोघरी सोयाबीन पोत्यात पडून, कारण हमीभाव ४,८९२ आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली, तुरीच्या गंज्या लागलेल्या, कापसाची शेवटची वेचणी आणि मजूर मिळत नाही. त्यात कोणी सांगत आलं की पेरू आणि ब्राझीलचे पोट्टे दिल्लीत खो-खो खेळायला आले तर माणूस काय म्हणणार? "त्याहिले म्हणा इकडे या, कापूस वेचा." (स्पर्धा खो-खो फेडरेशनची होती, सरकारने काही शेततळ्याचे पैसे तिकडे वळवले नव्हते, पण पानठेल्यावर इतका बारीक फरक कोणी करत नाही.)

आता गंमत बघा. पहिल्या दिवशी आपल्या पोट्ट्यांची मॅच नेपाळशी होती. सगळ्यांना वाटलं शंभरेक पॉइंटनी मारतील, खेळच आपला. आणि झाली ४२-३७. म्हणजे दोन-तीन गड्यांचा फरक. माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर एका पोट्ट्याने मोबाईलवर लावली होती, सुरुवातीला तो आणि त्याचा मित्र दोघंच, मग नेपाळ अंगावर यायला लागलं तसे ठेल्यावरचे दोघं-तिघं उगाच इकडे सरकले, आणि त्यातले रिटायर झालेले पीटीचे सर एकदम ओरडले, "अबे साखळी मोड त्याची!" (साखळी म्हणजे बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी पळणं.) झालं. तिथून पुढे पैशाचा हिशोब कोणी काढला नाही.

म्हणजे कुरकुर थांबली असं नाही, कुरकुर आमच्याकडे थांबतच नसते, पण विषय बदलला. आधी विषय होता हे सगळं कशाला, आता विषय झाला हे असं का खेळून रायले. आणि माझं असं मत झालंय की आमच्याकडचा माणूस एखाद्या गोष्टीला आपली म्हणायला लागला हे तो कौतुक करतो त्याच्यावरून कळत नाही, तो चुका काढायला लागतो तेव्हा कळतं. परक्याच्या पोराला कोणी बोलत नाही.

सगळ्यात जास्त चुका आमच्या धाकट्या काकूने काढल्या. ही काकू लग्नाआधी शाळेकडून जिल्ह्यापर्यंत खेळलेली, हे मला आत्ता कळलं, इतकी वर्षं घरात कोणाला तिने सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. संक्रांतीच्या दिवशी, १४ तारखेला, आपल्या पोरींनी दक्षिण कोरियाला १७५-१८ नी हरवलं. संध्याकाळी हळदीकुंकवाला बाया जमलेल्या, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटणं चालू, तेवढ्यात कोणीतरी स्कोअर सांगितला. तर बाया हसल्या नाहीत की टाळ्या वाजवल्या नाहीत, एक आजी म्हणाली, "घरी बोलावलेल्या पाहुण्याले असं मारतेत का वं?" ह्या एका वाक्यात यजमानपणाचं जे तत्त्व आहे ते दिल्लीच्या एकाही भाषणात आलं नसेल. काकूचं मात्र वेगळंच. ती मोबाईल हातात घेऊन हायलाइट बघत होती आणि म्हणत होती, "हे पाय, पोट्टी सरळ पळून रायली, एकेरी साखळी काऊन सोडली हिनं? अन ते दुसरी, खांदा वळला तिचा, दिशा ठरली, आता माघारी नाही येता येत, फाउलच होते तो." मॅटवर तर तिचा भारीच राग. मॅटवर सूर मारला तर काय मारला, आम्ही मुरमावर मारत होतो, असं म्हणून तिने साडी थोडी वर करून गुडघ्यावरचा जुना व्रण दाखवला, सासू समोर बसलेली असताना.

मग कॅप्टन कोण ते निघालं. प्रियांका इंगळे. इंगळे म्हटल्यावर अर्ध्या बायांनी ठरवूनच टाकलं की ही अकोल्याकडची, कोणाच्या तरी मामेसासऱ्याच्या गावात इंगळ्यांची आठ घरं आहेत, त्यातलीच असन. मी सांगितलं की नाही, बीड जिल्ह्यातली आहे. थोडी शांतता झाली. मग "चालते, मराठवाडा बी आपलाच," असा निकाल लागला. सिंचनाच्या अनुशेषावर बोलताना हे वाक्य कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पोट्ट्यांचा कॅप्टन प्रतीक वाईकर पुण्याचा, त्याच्यावर मात्र कोणी हक्क सांगितला नाही.

बाबा ह्या सगळ्यात नव्हते. बाबांचं म्हणणं, वर्ल्ड कप भरवायचा तर १९८७ सारखा. हे ते दरवेळी म्हणतात आणि विषय कोणताही असला तरी म्हणतात. पण तो किस्सा खरंच आपल्याकडचा आहे. १९८३ ला लॉर्ड्सच्या फायनलच्या वेळी आपल्या क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष होते नागपूरचे एनकेपी साळवे, त्यांना म्हणे जास्तीचे दोन पास पाहिजे होते आणि इंग्रजांनी दिले नाहीत. साळवेंनी ते मनाला लावून घेतलं आणि पुढचा वर्ल्ड कप इंग्लंडच्या बाहेर, भारत-पाकिस्तानात आणून दाखवला. तोवर तिन्ही वर्ल्ड कप तिकडेच झाले होते, त्यामुळे ह्यांना जमेल का, इतकं दूरदूर फिरायचं कसं, असं बरंच बोलणं झालं. आपल्याकडे दिवस लवकर मावळतो म्हणून ६० ओव्हरच्या ५० कराव्या लागल्या, आणि मग ५० च कायमच्या झाल्या. दोन पासवरून एवढं सगळं. विदर्भातल्या माणसाला पंगतीत बोलावून पान वाढलं नाही तर तो काय करू शकतो ते बघा.

पण हेच बाबा त्या वेळी विरोधात होते. ८७ साल देशभर दुष्काळाचं, आणि बाबांचं वय वाद घालायचं. दुष्काळात कायचे वर्ल्ड कप, असं आजोबांशी भांडून झाल्यावर ३१ ऑक्टोबरला नागपूरला भारत-न्यूझीलंड होती तेव्हा हेच महाशय रेडिओ घेऊन वावरात गेले होते. त्या मॅचमध्ये चेतन शर्माने रुदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांना लागोपाठ तीन चेंडूंवर बोल्ड केलं, वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक, आणि मग गावसकरने अंगात ताप असताना ८८ चेंडूत नाबाद १०३ केले, त्याचं वनडेतलं एकुलतं एक शतक. २२२ रन ३३ व्या ओव्हरमध्येच झाले. सेमीफायनल पाकिस्तानात न खेळता मुंबईला मिळावी म्हणून ती घाई होती. एवढं सगळं ऐकून वावरातून परत आल्यावर बाबा काय म्हणाले असतील? "हे आधी काऊन नाही केलं यानं?" कारण १९७५ च्या वर्ल्ड कपमध्ये ह्याच गावसकरने ६० ओव्हर उभं राहून नाबाद ३६ केले होते आणि तो राग बाबांनी बारा वर्षं जपून ठेवला होता. पुढे मुंबईला सेमीफायनलमध्ये इंग्लंडच्या गूचने स्वीप मारून मारून आपल्याला बाहेर काढलं, त्याच्यावर बाबा अजून बोलतात. २०११ च्या वर्ल्ड कपला नागपूरजवळच्या जामठ्याला दक्षिण आफ्रिकेसमोर १ बाद २६७ वरून २९६ ला सगळे आउट झालो, त्याच्यावर सगळा विदर्भच बोलतो, ते मी इथे काढत नाही.

२०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थचं मात्र वेगळं. तिथे कुरकुर करणारे बरोबरच होते असं माझं आजही मत आहे. स्पर्धेला बारा दिवस राहिले असताना मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल पडला, मजूर जखमी झाले, खेळाडूंच्या खोल्यांचे फोटो जगभर गेले, पैशाचं काय झालं ते पुढे चौकशांमध्ये निघालंच. ज्यांनी "कायले पायजे" म्हटलं होतं त्यांना कोणी खोटं पाडलं नाही. पण तेच लोकं नंतर नाशिककडच्या आदिवासी पाड्यातली कविता राऊत दहा हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली तेव्हा टीव्हीसमोर उभे होते, कृष्णा पुनियाने थाळी फेकून सोनं आणलं तेव्हा पण होते, आणि शेवटच्या दिवशी सायनाच्या सोन्याने आपण इंग्लंडच्या वर दुसऱ्या नंबरला गेलो तेव्हा पण. ३८ सोनं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहू शकतात, चोरी झाली हेही आणि पोरगी काय धावली हेही. टीव्हीवरच्या चर्चेत माणसाला एकच बाजू घ्यावी लागते, पानठेल्यावर तशी सक्ती नाही.

तर खो-खोवर परत. दक्षिण आफ्रिकेला दोन्ही सेमीफायनलमध्ये हरवल्यावर १९ ला, रविवारी, दोन्ही फायनल नेपाळशीच. त्या दिवशी आमच्या फीडरला मोटरची थ्री फेज लाइन रात्रीची होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, त्यामुळे गावातले निम्मे पुरुष वावरात आणि निम्मे घरी, आणि वावरातल्यांचा नेट चालत नव्हता म्हणून घरचे फोन करून स्कोअर सांगत होते. पोरींनी पहिल्याच टर्नमध्ये ३४-० केलं. काकू घरात, काका धुऱ्यावर टॉर्च घेऊन, आणि फोनवर संसाराचं एक अक्षर नाही, फक्त कोण आउट आणि कोण राहिलं. पोरी ७८-४० जिंकल्या, पोट्टे ५४-३६. काका म्हणे नंतर अर्धा तास विसरूनच गेले की मोटर चालू आहे, एका सरीत पाणीच पाणी झालं. हे नुकसान त्यांनी खो-खो फेडरेशनच्या नावावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी पीटीच्या सरांनी जुनी गोष्ट काढली, की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे लोकं १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकला जाऊन आपले देशी खेळ करून दाखवून आले होते, हिटलरच्या जर्मनीत, म्हणजे ह्यात नवीन काय आहे, आपणच उशीर केला नव्वद वर्षं. बघा, इथे पण तक्रारच. आठ-दहा दिवसांआधी हेच सर विटीदांडूच्या ऑलिम्पिकवर हसत होते.

ह्या वर्ल्ड कपचा गावात झालेला एकच ठोस परिणाम सांगतो. शाळेच्या मैदानावर रस्त्याच्या कामाचा मुरूम पडला होता, कधीचा, त्याच्यावर बोरी उगवल्या होत्या. काकू आणि अजून दोघी जणी ग्रामपंचायतीत गेल्या. अर्धा ढीग उचलला गेला, अर्धा अजून तिथेच आहे, त्यामुळे मैदान एका बाजूने आखूड झालंय आणि दोन खांबांमधलं अंतर नियमापेक्षा कमी भरतं. सर म्हणतात त्याने पोरींचं वळणं चपळ होते. मला पटत नाही.

आणि आता २०३० ची कॉमनवेल्थ अहमदाबादला मिळाली, नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगोला शिक्कामोर्तब झालं, ह्या स्पर्धेचं शंभरावं वर्ष आहे म्हणे ते, आणि पुढे २०३६ चं ऑलिम्पिक पण मागून रायले. पानठेल्यावर पहिली प्रतिक्रिया तुम्हाला माहीतच आहे. पण ती एकच दिवस टिकली. दुसऱ्या दिवशीचा प्रश्न होता, अहमदाबादच काऊन, नागपूरले काय काटे हाय? तिसऱ्या दिवशी, त्यात खो-खो ठेवतीन का? आणि मग ज्या नानांनी विटीदांडूचा विनोद केला होता तेच मला विचारायला दुकानात आले की प्रेरणा एक्सप्रेस बडनेऱ्यावरून किती वाजता राहते, म्हणजे सरळ अहमदाबादलाच नेते ना ते. मी म्हटलं नाना, अजून चार-पाच वर्षं आहेत, आणि रिझर्व्हेशन ६० दिवस आधीच निघतं. त्यावर ते जे भडकले, आधी १२० दिवस होते, ते ६० कोणाले विचारून केले बे?